पवनचक्की आणि डावी भुवई

भूगोलाच्या सरांना सगळी शाळा 'पवनचक्की' म्हणते, हे एक सर सोडले तर सगळ्यांना ठाऊक होतं. आता भूगोलाचा माणूस म्हटल्यावर हे नाव वाऱ्यांचे प्रकार शिकवताना पडलं असेल असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. ते पडलं शाळेचा गानवृंद त्यांच्या हाती आल्यावर. मुलांपुढे उभे राहून सर दोन्ही हात असे काही गरगरा फिरवायचे, की पहिल्या रांगेतल्या मुलींचे केस भुरभुरायचे. उन्हाळ्यात पहिली रांग मिळावी म्हणून वशिले लागत.

खरं म्हणजे हात फिरवणं हा सरांचा पिंड नव्हे. काही माणसं जन्मतःच सामूहिक फोटोत कुंडीच्या मागे येतात, सर त्यांतले. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर शिक्षकांचे वर्षावर्षाचे फोटो लावलेले होते, त्यांत सरांचा ऐवज म्हणजे एक कान आणि अर्धा चष्मा. फार काय, त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर त्यांना म्हणाला होता, "अहो, जरा बाजूला व्हा, नवरदेवाला येऊ द्या." ही गोष्ट त्यांची बायको आल्यागेल्याला चहाबरोबर हमखास द्यायची. बिस्किटं संपली तरी ही गोष्ट संपत नसे.

अशा माणसाकडे गानवृंद आला तो पंख्यामुळे.

झालं असं, की गाण्याच्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली आणि बाई शाळा सोडून गेल्या. मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या सभेत विचारलं, "गानवृंद कोण सांभाळेल?" सभेत अशी शांतता पसरली की परीक्षेच्या हॉलने शिकावं. गणिताच्या बाईंना एकाएकी पर्समध्ये काहीतरी सापडेनासं झालं. विज्ञानाचे सर खिडकीबाहेरचं झाड आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघू लागले. आमचे सर बसले होते बरोब्बर पंख्याखाली. त्यांना सर्दी झालेली. पंखा जरा कमी करा, एवढंच सांगायला त्यांनी हात वर केला.

"वा, सर!" मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "स्वतःहून पुढे आलात. याला म्हणतात शाळेवरचं प्रेम!"

टाळ्या कडाडल्या. सर "पंखा…" एवढं म्हणाले, पण ते टाळ्यांत वाहून गेलं. आणि मग सरांच्या लक्षात आलं, की या टाळ्या आपल्यासाठी आहेत. उभ्या आयुष्यात कुणी त्यांच्यासाठी टाळी वाजवली नव्हती, एक डास मारण्यापुरती वाजवली असेल तेवढीच. पंख्याचं नंतर बघू, असं ठरवून त्यांनी हात हळूच खाली घेतला.

घरी बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्हाला दाराची बेल आणि कुकरची शिट्टी यातला फरक कळत नाही. परवा कुकर वाजला तर दार उघडून 'या, बसा' म्हणालात."

"शिकेन मी."

"शिका. पण माझी मालिका चालू असताना आवाज नको."

म्हणून सर मोबाइलचा आवाज बंद करून मोठमोठ्या गानवृंदांचे व्हिडिओ बघायला लागले. पुढे उभे राहून हात फिरवणारी ती रुबाबदार माणसं त्यांनी डोळ्यांनी अक्षरशः गिळली. मनगट कसं वळतं, कोपर कुठे थांबतं, शेवटी मूठ कशी मिटायची, सगळं तोंडपाठ. फक्त ती माणसं हे कशासाठी करतात, ते ऐकायचं राहून गेलं. कोरड्या विहिरीत पोहायला शिकावं, तसा हा प्रकार.

तालमीच्या पहिल्या दिवशी सर मुलांपुढे उभे राहिले, हात वर केले आणि थांबले. गाणं कधी सुरू करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मुलं त्यांच्याकडे बघत राहिली, सर मुलांकडे. शेवटी मुलांनीच कंटाळून गायला सुरुवात केली, आणि सरांनी घाईघाईने हात सोडले. छान जमलं! तेव्हापासून तीच रीत पडली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे फांदी आधी तुटायची आणि मागून कावळा धावतपळत येऊन बसायचा. पण लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय वजनदार कावळा आहे!

गाणं शाळेचं ठरलेलं होतं, जुन्या एका मुख्याध्यापकांनी रचलेलं नदीचं गाणं. सरांनी त्यात भूगोलापुरत्या सुधारणा केल्या. मूळ गाण्यात नदी शेवटी चंद्राला जाऊन भेटायची. सर म्हणाले, हे मी खपवून घेणार नाही, नदी समुद्रालाच मिळणार. तेव्हापासून नदी वेळेवर समुद्राला मिळू लागली.

आणि गंमत अशी, की हा गानवृंद गायचा चांगला. तीसेक मुलं, पण ओळ सुरू करायची तर अशी एकदम, की कात्रीने कापावी. गेल्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत शाळेचा तिसरा नंबर आला. भिंतीवर नवा फोटो लागला. ढाल हातात घेऊन सर मधोमध, दोन्ही कानांसकट. सर मधल्या सुट्टीत पाणी प्यायला मुद्दाम त्या भिंतीवरून जायचे. नळ दुसऱ्या बाजूला होता.

बायकोला मात्र स्पर्धेला यायला जमलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि सुट्टी मागितली की मालकाला नेमकं त्याच दिवशी दुकानात गर्दी होईल असं वाटायचं.

या वर्षी स्पर्धेआधी मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून घेतलं. शेजारी विज्ञानाचे सर पाय लांब करून बसले होते. गानवृंदाच्या तासांवर त्यांचा डोळा होता. त्यांना ते जादा शिकवणीला हवे होते.

"सर, एक विचारू?" विज्ञानाचे सर म्हणाले. "गाण्याने कुणाचे मार्क वाढलेले पाहिलेत?"

याला उत्तर सरांना सुचलं. सडेतोड सुचलं. पण घरी गेल्यावर, मोजे काढताना.

"यंदा पहिल्या तिनांत या," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तर गानवृंद राहील. नाहीतर ते तास विज्ञानाला. माझाही नाइलाज आहे."

सर बाहेर आले आणि भिंतीपुढे उभे राहिले. गानवृंद गेला की आपण पुन्हा कुंडीमागे, हे सांगायला नकाशा नको होता. त्यातून या वर्षी बायकोने मालकाशी भांडून सुट्टी मिळवली होती. "एकदा बघू तरी द्या, घरी बोलत नाही तो माणूस तिथे करतो काय," असं म्हणाली होती.

सरांनी कंबर कसली. गेल्या वर्षी बक्षिसं देताना परीक्षक भाषणात एक गोष्ट बोलले होते. "तुमची मुलं गोड गातात, पण पहिल्या रांगेच्या टोकाला आत वळून उभ्या असलेल्या एका मुलीची डावी भुवई सारखी उडते. आमचं लक्ष तिकडेच जातं." सरांनी ठरवलं, भुवईचा बंदोबस्त करायचा. मग पहिला नंबर कुठे जातो!

ती भुवई होती ठसकाची. ठसका हे तिचं शाळेतलं नाव. बोलली की समोरच्याला ठसका लागायचा, म्हणून.

"भुवई हलवायची नाही," सर म्हणाले.

"सर, मी हलवत नाही. ती हलते."

"मग धरून ठेव."

"भुवई आहे सर ती, बैल नाही."

"गाताना चेहरा कसा हवा? शांत सरोवरासारखा!"

दुसऱ्या दिवशी ठसका कपाळावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून आली. आडवी, चांगली चार बोटं रुंद. डावी भुवई तिच्याखाली गडप.

"आईने लावली," ती म्हणाली. "आणि विचारलंय, उजवीलापण हवी असेल तर आजच सांगा, पट्टी संपत आलीये."

मुलं फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "हसू नका. सुरू करा," आणि त्यांनी हात वर केले.

ठसकाने बरोबर वेळेवर सूर लावला. एकटीने. तिच्यामागून भोंगा सुरू झाला. हा भोंगा म्हणजे आवाज फुटत असलेला एक उंच मुलगा. त्याचं वाक्य म्हशीच्या आवाजात सुरू होऊन मांजरीच्या आवाजात संपायचं. मग पहिल्या रांगेतल्या तिघी, मग मागचे दोघे, मग 'अरे, सुरू झालं वाटतं' अशा चेहऱ्याने उरलेले. नदी डोंगरातून निघाली ती दहा ठिकाणांहून, आणि त्यातली एकही समुद्रापर्यंत पोचली नाही.

"पुन्हा!"

पुन्हा तेच. सरांना वाटलं, आपलेच हात कमी पडतायत. त्यांनी हात आणखी मोठे फिरवले. कपाटावरचा पृथ्वीगोल खाली आला आणि घरंगळत बाकाखाली गेला. सगळा आठवडा हेच चाललं. सर जितके जोरात फिरत, तितकी मुलं विस्कटत. विज्ञानाचे सर दारातून डोकावून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. मी फक्त फळा कुठे लावायचा ते बघतोय."

त्या रात्री सरांनी ताट तसंच ठेवलं. बायकोने ताट बघितलं आणि मोबाइल मागितला. सरांनी तालमीचा व्हिडिओ काढला होता. तिने तो पाहिला. मग गेल्या वर्षीच्या स्पर्धेचा पाहिला. मग पुन्हा हा, पुन्हा तो. दिवसभर माणसांचा नाकाच्या वरचा भाग बघणं हाच तिचा धंदा. कुणाची नजर कुठे जाते, हे तिला गिऱ्हाईक दुकानात शिरताच कळायचं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही मुलं तुमच्याकडे बघतच नाहीयेत."

"म्हणजे?"

"हे बघा, गेल्या वर्षीचं. सगळ्यांचे डोळे तिरके. तुमच्या त्या पट्टीवाल्या मुलीकडे. तिची भुवई वर गेली की सगळे श्वास घेतात. खाली आली की गातात. तुमचे हात…"

"माझे हात काय?"

"तुमचे हात त्याच्यानंतर हलतात."

भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकली, की त्याला निदान त्याचं कारण माहीत असतं. ते कारण आत्ता चिकटपट्टीखाली होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना सरळ विचारलं. मुलं बुटांकडे बघू लागली. शेवटी भोंगा उठला.

"सर, रागावणार नाही ना?" हे म्हशीच्या आवाजात. "तुमचे हात छान दिसतात सर. पण त्यातून काही कळत नाही." हे मांजरीच्या. "आम्ही तिची भुवई बघतो. पहिल्या वर्षापासून. नवीन मुलं आली की आम्ही त्यांना आधी तेच सांगतो."

सगळ्यांत मोठा धक्का ठसकाला बसला.

"माझी भुवई?" ती ओरडली. "अरे, मला कुणी सांगितलं का नाही? मी तर सरांकडे बघून गाते!"

"सरांकडे? त्यांच्या हातांकडे बघून?" भोंग्याने विचारलं.

"हातांकडे कोण बघतं!" असं बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. "म्हणजे… सरांकडे. असंच. अख्ख्या सरांकडे."

सरांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने ती चिकटपट्टी काढली. निघताना भुवईचे चार केसही गेले. ठसका "आई गं!" म्हणाली, आणि तिची भुवई वर गेली. त्याबरोबर सवयीने सगळ्या वर्गाने श्वास घेतला. सरांना बघायचं होतं ते सगळं दिसलं.

"मुलांनो," ते म्हणाले, "स्पर्धेत ही सगळ्यांपुढे, तुमच्याकडे अर्धी वळून उभी राहील. मी विंगेत बसेन. इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या. आता पुरे."

भोंग्याने एक हुंदका दिला, तो मध्येच फुटला आणि दोन आवाजांत निघाला.

विंगेत बसायचं हे सरांनी बायकोला मात्र सांगितलं नाही. ती नवी साडी नेसली. स्पर्धेच्या सकाळी तिने त्यांच्या बुटांना पॉलिश केलं. करता करता नेहमीसारखी पुटपुटली, "टाच कोरी करकरीत, आणि पुढचा तळ गेलेला. दर वेळी तेच. तो दुरुस्तीवाला विचारत होता, साहेब चालतात की उड्या मारत जातात? पुढे भोक पडतं आणि मागे झीज नाही, असा बूट त्याने पाहिला नव्हता म्हणे."

"जुनी खोड," सर म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं.

हॉल गच्च भरला होता. पहिल्या खुर्च्यांवर परीक्षक, त्यांच्यामागे मुख्याध्यापिका, त्यांच्या शेजारी विज्ञानाचे सर, हसरे. बायको मधल्या रांगेत, चष्मा पुसून तयार. स्पर्धेचा नियम असा, की वाद्य नाही, नुसते गळे. शाळेचं नाव पुकारलं. मुलं पायऱ्यांवर रांगा करून उभी राहिली. पडदा उघडला. सर विंगेत एका मोडक्या खुर्चीत, हात मांडीखाली दाबून. चुकूनसुद्धा हलायला नकोत म्हणून.

ठसका सगळ्यांपुढे, अर्धी वळून उभी. सगळ्यांचे डोळे तिच्या भुवईवर. भुवई जागच्या जागी.

गाणं सुरूच होईना. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं. ठसकाचं तोंड उघडलं, मिटलं. तिला श्वासच घेता येईना. तिने विंगेकडे पाहिलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "सर, या ना!"

"तूच कर सुरू!" सर विंगेतून कुजबुजले.

"मला नाही येत! तुम्ही नुसते उभे राहा!"

हॉलमध्ये हशा पिकला. विज्ञानाचे सर सगळ्यांत मोठ्याने हसले. मधल्या रांगेत बायको अर्धवट उठली होती. तिला बघितलं आणि सर उठले. रंगमंचावर आले, प्रेक्षकांकडे पाठ करून मुलांपुढे उभे राहिले. हात हलवायचे नाहीत हा निश्चय पक्का, म्हणून त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. आता या हातांनी काही बिघडवायचं नाही. सरांनी नदीचा विचार केला, डोंगराचा विचार केला, आणि पहिली ओळ मनात म्हणायला खोल श्वास घेतला.

श्वासाबरोबर, त्यांच्या नकळत, त्यांच्या दोन्ही टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. सर दोन बोटं उंच झाले.

ठसकाची भुवई वर गेली. तीस छात्या भरल्या. टाचा खाली आल्या, भुवई खाली आली, आणि नदी निघाली. एका ठिकाणाहून, एका वेळी, कात्रीने कापल्यासारखी. पुढच्या ओळीला पुन्हा टाचा, पुन्हा भुवई, पुन्हा तीस गळे. भोंग्याचा आवाजसुद्धा त्या दिवशी म्हशीचा तो म्हशीचाच राहिला. सर हात बांधून उभे. मुलं इतकी एकत्र कशी गातायत याचंच त्यांना नवल वाटत होतं. बिचारी भुवई, किती काम करते, असं त्यांच्या मनात आलं.

नदी समुद्राला मिळाली. हॉल उभा राहिला.

नंबर दुसरा आला. त्यापेक्षा मजा पुढे झाली. मुख्य परीक्षक भाषणाला उठले आणि गहिवरून म्हणाले, "आजकालचे संचालक हातवारे फार करतात. पण या सरांनी आज हात पाठीमागे बांधून आम्हाला दाखवून दिलं, की खरं नेतृत्व दिसत नाही! सुरुवातीला विंगेत बसून विद्यार्थिनीला बोलावू देणं, ही तर केवढी सूचक कल्पना!" सर हे ऐकताना मागे कोण उभं आहे ते वळून बघत होते. मुख्याध्यापिका विज्ञानाच्या सरांना म्हणाल्या, "फळा राहू द्या हं." पुढच्या आठवड्यात शाळेतले निम्मे शिक्षक हात मागे बांधून शिकवताना आढळले. विज्ञानाच्या सरांनी तसा प्रयोग करून दाखवायचा प्रयत्न केला आणि चंबू फोडला.

बक्षीस समारंभ संपल्यावर ठसकाने सरांच्या बायकोला गर्दीतून गाठलं.

"काकू, तुम्ही मागून बघत होता ना? सर श्वास घेताना…"

"टाचा उचलतात," बायको म्हणाली. "बघितलं. त्या बुटांचं कोडं आज सुटलं."

"हां! सर एकदम उंच झाल्यासारखे होतात. मला आधी माहीतच नव्हतं मी तेच बघते ते. आज विंगेत गेले तेव्हा कळलं. सांगून टाकू त्यांना? बिचारे म्हणतायत, सगळं माझ्या भुवईनेच केलं."

"खबरदार!" बायकोने तिचा दंड धरला. "तुला भुवईचं सांगितलं तेव्हा काय झालं? पट्टी लागली. त्यांना टाचांचं कळलं तर उद्यापासून आवाज बंद करून टाचांचे व्हिडिओ बघत बसतील. मग तुम्ही गा दहा ठिकाणांहून."

ठसकाच्या हे एकदम लक्षात आलं. तिची भुवई वर गेली, आणि शेजारी उभ्या असलेल्या भोंग्याने उगाचच श्वास घेतला.

ढाल काखेत मारून सर आले. "काय खलबतं चाललीयत?"

"काही नाही हो. तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होतो."

"माझं काय त्यात," सर म्हणाले. "मी नुसता उभा होतो."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली. "तसेच उभे राहत जा." मग तिने पदराने ढालीवरचा त्यांच्या घामाचा ठसा पुसला आणि त्यांना फोटोसाठी मधोमध ढकललं. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, तुम्ही जरा बाजूला व्हा, सरांना येऊ द्या." सरांनी हे दोनदा म्हणवून घेतलं.

त्यानंतर सरांचे बूट दुरुस्तीला बायकोच नेते. पुढच्या तळाला दुहेरी चामडं लावून घेते आणि दुरुस्तीवाल्याला दर वेळी बजावते, "मजबूत लावा, या बुटांवर तीस पोरं गातात. आणि साहेब कधी इकडे आलेच, तर एक अक्षर बोलायचं नाही."